डाळिंबाची फांदी आणि ६४ सेंटीमीटर

मी मुळात वनस्पतींची चित्रे काढणारी. एखादी फांदी समोर ठेवायची, तिचे पान, कळी, फूल आणि फळ नेमकेपणाने कागदावर उतरवायचे आणि कागदाच्या मधोमध ती एकटी उभी करायची, हे काम मी बरीच वर्षे केले होते. पडद्यांसाठी व सोफ्यांसाठी उंची छापील कापड आणि त्याच नक्षीचे वॉलपेपर तयार करणाऱ्या एका लहान डिझाइन स्टुडिओने माझे डाळिंबाचे चित्र पाहिले आणि त्यावरून एक संपूर्ण नक्षी तयार करण्यासाठी मला बोलावले. अवघड भाग उरकला आहे, उरलेले काम यंत्रांचे आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढचे चौदा महिने मी त्या एका नक्षीवर काम केले.

पहिल्या दिवशी स्टुडिओप्रमुखांनी माझे चित्र फलकावर टाचले आणि एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहून दिले: ६८.५ आणि ६४. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. ज्या चौकटीची पुनरावृत्ती होऊन सगळे कापड भरते, तिला या व्यवसायात 'रिपीट' म्हणतात, आणि माझ्या चित्राला त्या रिपीटमध्ये राहायचे होते. पडद्यांचे कापड छपाईसाठी १३७ सेंटीमीटर रुंद धरतात, त्याचे निम्मे म्हणजे ६८.५, म्हणजे कापडाच्या रुंदीत माझी चौकट बरोबर दोनदा बसणार होती. ६४ हा आकडा यंत्राचा होता. रोटरी स्क्रीन छपाईत निकेलची, अतिसूक्ष्म छिद्रांची पोकळ नळकांडी, म्हणजेच स्क्रीन, वापरतात, प्रत्येक रंगाला एक. घट्ट रंग पंपाने आत येतो आणि नळकांडे कापडावरून फिरत असताना आतली पट्टी तो रंग उघड्या छिद्रांतून खाली ढकलते. या नळकांड्याचा सर्वाधिक वापरला जाणारा परीघ ६४ सेंटीमीटर आहे. नळकांड्याची एक फेरी पूर्ण झाली की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे नक्षी ६४ सेंटीमीटरची करता येते, किंवा ६४ला पूर्ण भाग जाईल अशा ३२ किंवा १६ सेंटीमीटरची, पण ६५ सेंटीमीटरची करता येत नाही. डच कंपनी स्टॉर्कने १९६३ साली हॅनोव्हरच्या वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनात हे यंत्र मांडले, तेव्हापासून जगभरच्या असंख्य पडद्यांवरील फुलांची उंची या परिघाने ठरवली आहे.

चित्रकाराने कागदाचा आकार स्वतः निवडायचा असतो, अशी मला सवय होती, त्यामुळे हे बंधन मला सुरुवातीला जाचक वाटले. स्टुडिओच्या संग्रहातील जुने तुकडे पाहिल्यावर मात्र लक्षात आले की प्रत्येक काळातील नक्षी आपल्या यंत्राच्या मापाने जगली आहे. १७७०च्या सुमारास फ्रान्समध्ये जुई-आँ-जोझास येथे ओबेरकाम्फ यांच्या कारखान्यात तांब्याच्या सपाट कोरीव पत्र्यावरून कापड छापले जाऊ लागले, तेव्हा नक्षी मोठी, मोकळी आणि प्रसंगचित्रांनी भरलेली झाली. १७८३ साली थॉमस बेल यांनी तांब्याच्या कोरीव रोळाने छपाई करण्याचे पेटंट घेतले आणि वेग कितीतरी वाढला, परंतु रोळाचा परीघ लहान असल्यामुळे नक्षी पुन्हा आखूड झाली. त्याच कप्प्यात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चिटाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या सुती कापडाचा, एक तुकडा होता, तो मी सर्वांत जास्त वेळ पाहिला. त्यावरचा वृक्ष कलमाने हाताने रेखलेला होता. तुरटी लावलेल्या जागी लाल आणि लोहद्रव लावलेल्या जागी काळा रंग धरवलेला होता. त्या वृक्षाची एकही फांदी दुसरीसारखी नव्हती, कारण त्या कारागिराला पुनरावृत्ती करायचीच नव्हती. या कापडाची युरोपात इतकी ओढ लागली होती की आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडने १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरच निर्बंध आणले. रिपीट मुळीच नसलेल्या नक्षीचे वैभव काय असते ते त्या तुकड्यात दिसत होते. मला मात्र ६४ सेंटीमीटरच्या आत तशीच वाढ दाखवायची होती.

काम अभ्यासचित्रांपासून सुरू झाले. डाळिंबाचे पान अरुंद, चकचकीत असते, बहुधा समोरासमोर किंवा झुबक्याने येते. कोवळी पालवी तांबूस असते. फुलाच्या पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या असतात आणि त्यांच्याखालचा जाड, चामड्यासारखा पुष्पकोश पुढे फळावर मुकुट होऊन राहतो. हे सगळे तपशील मी टाकाने आणि अपारदर्शक जलरंगांनी छपाईच्याच मापात, एकास एक प्रमाणात रंगवले. मोठे काढून नंतर लहान करण्याची मुभा नव्हती, कारण तसे केल्यास रेषेची जाडी बदलते आणि हाताचा जोर हरवतो. दोन महिन्यांनी माझ्याकडे पाच फांद्या, चार फळे, सात फुले आणि पुष्कळ पाने होती. ती चौकटीत मांडली तेव्हा मला स्वतःला ती रचना फार आवडली होती.

मग रिपीट बसवणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिची एक ट्रेसिंग प्रत घेतली, माझ्यासमोर ती मधोमध उभी कापली, डावा भाग उजवीकडे नेला आणि बाहेरच्या कडा एकमेकींना लावून एक भाग ३२ सेंटीमीटर खाली सरकवला. माझ्या चौकटीच्या कडा आता कागदाच्या मधोमध आल्या होत्या. तेथे दोन्ही बाजूंनी फांद्या येऊन अचानक थांबत होत्या आणि त्यांच्यामध्ये रिकाम्या जागेचा एक मोठा पट्टा पडला होता. मी कडेपाशी नकळत चित्र संपवत आले होते. एकट्या चित्राला कडेशी श्वास घ्यायला जागा ठेवायची असते, हे माझ्या हातात भिनलेले होते. त्यांनी एका फांदीवर पेन्सिल ठेवून विचारले, "ही येथून निघाली खरी, पण जाते कोठे?" मला उत्तर देता आले नाही. नंतर कित्येक आठवडे, माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही नक्षीपाशी ते उभे राहिले की हाच प्रश्न विचारत आणि आम्ही बोट ठेवून फांदीचा माग काढत जात असू.

शेजारच्या स्तंभात तीच चौकट निम्म्या उंचीने खाली सरकवण्याच्या या पद्धतीला 'हाफ-ड्रॉप' म्हणतात. सरळ रेषेत मांडलेल्या रिपीटमध्ये एकसारखी फळे आडव्या रांगेत येतात आणि डोळ्याला ती रांग लगेच सापडते. हाफ-ड्रॉपमध्ये ती तिरकी पसरतात आणि चौकट प्रत्यक्षात आहे त्याहून मोठी भासते. कापडाला आणखी एक सोय मिळते. रुंदीत दोन स्तंभ असल्याने दुसरा स्तंभ निम्म्याने उतरतो, आणि पुढच्या पन्ह्याचा पहिला स्तंभ पुन्हा मूळ पातळीवर येतो. त्यामुळे शिवणाऱ्याला दोन पन्हे सरळच जोडता येतात. गणिती दृष्टीने सपाट पृष्ठभागावर नक्षीची पुनरावृत्ती करण्याचे प्रकार बरोबर १७ आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्ह यांनी १८९१ साली सिद्ध केले, आणि इंग्रजीत त्यांना वॉलपेपरच्याच नावाने ओळखतात. माझी डाळिंबे त्यांतील सर्वांत साध्या प्रकारात मोडतात: ना आरशासारखे प्रतिबिंब, ना फिरवणे, केवळ सरकणे. एवढी साधी क्रिया असूनही तिने मला सात आठवडे अडकवून ठेवले.

प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्ही नऊ चौकटी कागदावर छापून भिंतीवर लावत होतो, म्हणजे साधारण दोन मीटर रुंद आणि तितकीच उंच नक्षी. मग चार मीटर मागे जाऊन, डोळे किलकिले करून पाहायचे. जवळून जे फूल असते ते दुरून केवळ एक ठिपका होते आणि ठिपके एकमेकांना बोलावू लागतात. पहिल्या वेळी तीन फळांचे मुकुट एका तिरक्या ओळीत आले आणि भिंतीवर डावीकडून उजवीकडे उतरणारा जिना दिसू लागला. एक फळ वळवून त्याचा मुकुट खाली केला, तर जिना मोडला, पण फळ सरकल्याने पानांमधली मोकळी जागा एकाखाली एक येऊन वरपासून खालपर्यंत एक फिकट ओहोळ वाहू लागला. त्यात पाने भरली, तर नक्षी गुदमरली. नक्षी उलटी टांगून पाहिली, आरशात पाहिली. उलट्या नक्षीत फळ फळ म्हणून ओळखू येत नाही आणि केवळ वजन दिसते, त्यामुळे चूक लवकर सापडते, हे मला तेथे समजले.

या टप्प्यावर माझ्यातली वनस्पतिचित्रकार अडून बसली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. रिकाम्या जागेत सोयीचे म्हणून कोणतेही पान टाकायला मी तयार नव्हते, आणि आजही नाही. डाळिंबाच्या झाडाला वेलीसारखी वळणे नसतात. त्याच्या फांद्या ताठ असतात, त्यांना काटेही असतात. फांदी वळवायची तर ती फळाच्या भाराने लवलेली दाखवता येईल, हे मला बाहेरच्या झाडाकडे बघत बसले असताना सुचले. जिथे जागा भरायची होती पण वजन नको होते, तिथे तांबूस पालवीचे कोवळे शेंडे आणले. आणि ओहोळ जिथे सर्वांत रुंद होता तिथे गळून पडणाऱ्या तीन चुरगळलेल्या पाकळ्या काढल्या. डाळिंबाच्या पाकळ्या खरोखरच लवकर गळतात, त्यामुळे झाडाशी खोटेपणा करावा लागला नाही. सातव्या आठवड्याच्या शेवटी ज्येष्ठ सहकारी नक्षीसमोर बराच वेळ उभे राहिले, एका फांदीवरून बोट फिरवत दोन चौकटी पार करून गेले आणि काही न विचारता स्वतःच्या टेबलाकडे परतले.

फांद्यांच्या मागे जे उरते त्याला कापडाच्या व्यवसायात जमीन म्हणतात. मी जमिनीला आजवर कोरा कागद समजत होते. त्या सात आठवड्यांत मी खरे तर फळे आणि पाने फारशी बदललीच नव्हती. बदलत होते ते त्यांच्यामधल्या जागांचे आकार. पुढे रंग चढवताना हे आणखी स्पष्ट झाले, कारण मुख्य रंगसंगतीत जमीन गडद निळी करायची ठरली होती आणि निळा भरल्याबरोबर त्या जागाच आधी दिसू लागल्या.

गडद जमिनीवर फिकट फूल छापणे हे कापडावर वाटते तितके सरळ नाही. पारदर्शक रंगाचा लाल निळ्यावर पडला तर लाल दिसतच नाही. इंग्लंडचे नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८८३ सालच्या 'स्ट्रॉबेरी थीफ' या नक्षीसाठी मर्टन ॲबी येथील कारखान्यात संपूर्ण कापड आधी निळीत रंगवले, मग हवे तेथे निळ्याचा रंग रसायनाने काढून टाकला आणि त्या उजळलेल्या जागी ठशांनी लाल, पिवळे रंग छापले. त्या पद्धतीला दिवस लागत आणि खर्चही मोठा येई. आमच्याकडे निळी जमीन ही स्वतंत्र स्क्रीनने, फुलापानांच्या जागा सोडून, छापायची होती. यात अडचण अशी की आमचे कापड लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे होते, आणि ते ओले झाले की त्याचे माप थोडे बदलते. निळा आणि लाल यांच्या कडा केसभर जरी सरकल्या तरी मध्ये कापडाची पांढरी फट उघडी पडते आणि गडद जमिनीवर ती फट ओरडून दिसते. म्हणून निळा रंग पानाफुलांच्या कडेवर सुमारे अर्धा मिलिमीटर चढू द्यायचा. जेथे दोन रंग एकमेकांवर येतात तेथे तिसरा, अधिक गडद रंग तयार होतो. मी मूळ चित्रातली टाकाची बाह्यरेषा काही ठिकाणी काढूनच टाकली आणि या तिसऱ्या रंगालाच रेषा होऊ दिले. लालवर ती जांभळट येते, पानावर जवळजवळ काळी. हाताने मी अशी रेषा काढली नसती, पण कापडावर ती अधिक चांगली दिसते.

मूळ चित्रात मोजल्यावर ३१ छटा निघाल्या आणि मला १२ स्क्रीन मिळणार होत्या, म्हणजे १२ रंग. डिजिटल छपाई निवडली असती तर हा प्रश्नच आला नसता, कारण तेथे छटांना मर्यादा नसते आणि लहान प्रमाणातील कामासाठी आमचा स्टुडिओही ती वापरतो. पण या नक्षीला स्क्रीनच्या भरीव, सपाट रंगाचा ठामपणा हवा, असे स्टुडिओप्रमुखांचे मत होते आणि नंतर मलाही ते पटले. स्क्रीन बनवण्यासाठी प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढताना चित्राकडे पुन्हा नव्याने पाहावे लागते. पानाचे चार हिरवे मी दोनावर आणले आणि मधली छटा बारीक तिरक्या रेषांनी दाखवली; फळाची गोलाई ठिपक्यांनी आणली, जे जवळून ठिपके आणि दुरून सावली असतात. तांबूस पालवीसाठी वेगळा रंग मागण्याऐवजी फुलाचा फिका लाल वापरला, आणि त्यामुळे फुले व शेंडे एकमेकांशी बांधले गेले.

रंगांचे नमुने आधी कागदावर रंगवले जातात आणि मग छपाईगृहातले रंगतज्ज्ञ त्यांच्याशी जुळणारा रंग बनवतात. रंग जुळला की नाही हे खिडकीपाशी ठरवायचे नसते. त्यासाठी एक राखाडी रंगाची पेटी असते, जिच्यात दिवसाच्या ६५०० केल्विनच्या प्रमाणित उजेडापासून पिवळसर दिव्याच्या उजेडापर्यंत निरनिराळे प्रकाश लावता येतात. माझ्या पानाचा हिरवा दिवसाच्या प्रकाशात तंतोतंत जुळला होता; पिवळसर दिवा लावताच छापील पान तपकिरीकडे झुकले आणि माझे रंगवलेले पान हिरवेच राहिले. दोन रंग वेगवेगळ्या घटकांपासून बनलेले असले की एका प्रकाशात ते एक होतात आणि दुसऱ्यात फुटतात. पडदे तर मुख्यतः संध्याकाळीच, दिव्याच्या उजेडात पाहिले जातात. त्यामुळे तो हिरवा दुसऱ्या रंगद्रव्यांपासून पुन्हा बनवला गेला.

नमुन्याच्या पहिल्या छपाईला 'स्ट्राइक-ऑफ' म्हणतात. तिचा तुकडा आला तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण मला तो पाहून रडू आवरले नव्हते. पानांच्या शिरा नाहीशा झाल्या होत्या. लिननचा धागा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मध्येच जाड गाठी येतात, तेथे रंग वेगळा बसतो, आणि ०.३ मिलिमीटरची रेषा अशा पृष्ठभागावर टिकत नाही. उलट दोन गडद भागांमध्ये सोडलेली बारीक कोरी रेषा रंग पसरल्याने बुजून जाते. शिरांची संख्या निम्म्याहून कमी केली, उरलेल्या जाड केल्या आणि काही पानांवर केवळ मधली शीर ठेवली. रंगही फिके आले होते, पण त्याचे कारण निराळे होते. लिनन आणि सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग छापल्याबरोबर पक्के होत नाहीत. सुमारे १०२ अंश सेल्सिअसच्या वाफेत काही मिनिटे ठेवल्यावर त्यांचे धाग्याशी रासायनिक बंध तयार होतात, आणि मग न बंधलेला रंग धुऊन काढावा लागतो. वाफेपूर्वीचा तुकडा पाहून निवाडा करायचा नसतो, एवढे तरी मला कोणी आधी सांगायला हवे होते. दुसऱ्या स्ट्राइक-ऑफला रेषा सुधारल्या, पण जमीन जांभळटपणाकडे गेली. तिसरा तुकडा मंजूर झाला.

चाचण्यांनी आणखी एक महिना घेतला. घर्षणाची मार्टिनडेल चाचणी नक्षीपेक्षा कापडाची अधिक असते आणि आमच्या लिननने ती पार केली. उजेडात रंग किती टिकतो हे मोजण्यासाठी मात्र नक्षीतला प्रत्येक रंग तीव्र प्रकाशाखाली ठेवतात आणि निळ्या लोकरीच्या आठ प्रमाणित पट्ट्यांशी त्याची तुलना करतात. १ म्हणजे सर्वांत लवकर उडणारा, ८ म्हणजे सर्वांत टिकाऊ. पडद्यासाठी आम्हाला किमान ५ हवा होता आणि माझ्या फुलाचा लाल ४ वर अडकला. तो किंचित गुलाबी झाक असलेला लाल मी फार जपून निवडला होता. पर्यायी, टिकाऊ लाल नारिंगीकडे झुकणारा होता. दोन दिवस मी तो स्वीकारायला तयार नव्हते. मग माझी पहिली अभ्यासचित्रे काढून पाहिली आणि दिसले की डाळिंबाचे फूल मुळात नारिंगी लालच असते. रंगसंगतीच्या मोहात मीच ते गुलाबीकडे नेले होते.

वॉलपेपरसाठी सगळे पुन्हा करावे लागेल, हे मला इतक्या उशिरा कळायला नको होते. ज्या यंत्रावर तो छापायचा होता त्याची छपाईची रुंदी ५२ सेंटीमीटर होती. ठशांच्या काळात इंग्लंडमध्ये वॉलपेपर २१ इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटीमीटर रुंद असे, आणि युरोपातील आजची गुंडाळीही ५२-५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असते. माझी ६८.५ सेंटीमीटरची चौकट ५२ मध्ये बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती ७६ टक्क्यांवर आणणे. पण मग उंची ६४ वरून ४८.६ होते, फळे लहान होतात आणि पडद्याशेजारी भिंत निराळ्याच झाडाची वाटते. कापड चुण्यांमध्ये पडते, त्यावरची नक्षी निम्मी झाकलेली राहते, म्हणून ती थोडी मोठी आणि ठसठशीत चालते. भिंत पूर्ण उघडी असते आणि तिच्यावर प्रत्येक दोष दिसतो. आम्ही फळाफुलांचे माप तसेच ठेवायचे, उंची ६४च ठेवायची आणि रुंदीतून साडेसोळा सेंटीमीटर काढून टाकायचे ठरवले. म्हणजे एक संपूर्ण फांदी गाळायची, आणि उरलेल्यांना नव्याने एकमेकांशी गाठायचे. या वेळी मला तीन आठवडे पुरले. मी फांद्यांपासून सुरुवात न करता निळ्या जागांचे आकार आधी मांडले आणि त्यांच्या कडांनी पाने कोठे यावीत ते ठरवत गेले.

छपाईही वेगळी होती. सरफेस प्रिंटिंगच्या यंत्रात प्रत्येक रंगासाठी उठाव असलेला एक रोळ असतो आणि सगळे रंग एकामागून एक, आधीचा ओला असतानाच, कागदावर पडतात. त्यामुळे कडा किंचित मऊ होतात, रंगाला जाडी येते आणि हाताने छापल्याचा आभास राहतो. कापडावर जपलेली ती तिसऱ्या रंगाची रेषा येथे जमली नाही. ओल्या रंगात ओला रंग मिसळून ती मळकट झाली. म्हणून वॉलपेपरसाठी बाह्यरेषेला मी तिचा स्वतःचा रोळ मागून घेतला आणि त्याबदल्यात एका हिरव्यावर पाणी सोडले.

पहिल्या गुंडाळ्या स्टुडिओतल्याच एका भिंतीवर लावल्या गेल्या. वॉलपेपर लावणाऱ्या कारागिरांनी सर्वांत आधी सगळ्या गुंडाळ्यांवरचे छपाईच्या खेपेचे क्रमांक एकच आहेत ना, ते तपासले, कारण दोन खेपांतला सूक्ष्म फरक गुंडाळीत कळत नाही आणि भिंतीवर उभ्या पट्ट्यासारखा दिसतो. भिंत २.७० मीटर उंच होती. वर-खाली कापण्यासाठी पाच-पाच सेंटीमीटर धरून प्रत्येक पट्टी २.८० मीटरची. साडेचार रिपीट म्हणजे २.८८ मीटर, त्यामुळे पहिल्या पट्टीनंतर केवळ आठ सेंटीमीटर सोडले की पुढची पट्टी आपोआप निम्म्या उतरणीवर सुरू होत होती. त्यांनी हे गणित तोंडानेच केले आणि म्हणाले, "या उंचीला तुमची नक्षी काटकसरी आहे." सरळ रिपीट असता तर प्रत्येक पट्टीमागे ४० सेंटीमीटर वाया गेले असते. खळ त्यांनी कागदाऐवजी भिंतीला लावली, कारण आमचा कागद नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता दाबून जोडलेल्या तंतूंचा होता आणि तो ओला झाल्यावर फुगत नाही. पहिली पट्टी त्यांनी कोपऱ्यापासून न लावता ओळंब्याने आखलेल्या रेषेवर लावली. दुसरी पट्टी तिच्याशेजारी सरकवताना त्यांनी जुळणी छतापाशी पाहिली नाही, डोळ्यांच्या उंचीवर पाहिली. वर आणि खाली केसभर फरक राहिला तरी नजर तिकडे जात नाही.

ती दुसरी पट्टी बसली तेव्हा मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. गळणाऱ्या तीन पाकळ्यांपैकी मधली पाकळी बरोबर जोडावर येते, अर्धी एका पट्टीवर, अर्धी दुसऱ्यावर. त्यांनी अंगठ्याने पट्टी एक मिलिमीटरही नसेल इतकी वर ढकलली, पाकळी पूर्ण झाली, आणि ते जोडावरून रोळ फिरवू लागले.

गाळलेली ती फांदी माझ्या कपाटात आहे. तिच्यावर एक फळ आणि दोन कळ्या आहेत, आणि ३२ सेंटीमीटरच्या लहान रिपीटमध्ये ती एकटी बसेल का, हे सध्या मी पाहते आहे. फलकावर अजून फक्त जमिनीचे आकार आखले आहेत.